नाळ्याचा नाला

माननीय महापौर,
वसई-विरार शहर महानगरपालिका,
यांस,

पाचवीचा नवा वर्ग आला की जूनच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांना कोरा कागद देतो आणि सांगतो, आपल्या शहराचा नकाशा काढा. पुस्तक बघायचं नाही, शेजाऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही. पंचवीसेक वर्षं हे चाललंय आणि निकाल काही बदललेला नाही. कागदावर सगळ्यात आधी उमटतात ते रेल्वेचे रूळ. वरून खालपर्यंत दोन रेघा, मध्ये आडव्या पट्ट्या. मग स्टेशन, पूल, पुलाखालचा वडापाववाला, रिक्षास्टँड, क्लास, मोबाइलचं दुकान. फलाटावरच्या इंडिकेटरमध्ये ‘१२ डबे’ असं बारीक अक्षरात लिहिणारा एक तरी महाभाग दरवर्षी निघतोच. समुद्र मात्र चाळीस कागदांत मिळून दोन-तीन ठिकाणी. कळंबचा किनारा आमच्यापासून काही फार लांब नाही, वर्गातल्या प्रत्येकानं तो पाहिलेला आहे. पण त्यांच्या लेखी तो शहरात येत नाही, पिकनिकमध्ये येतो.

गेल्या वर्षी एका मुलीनं रुळांखालून जाणारी एक वाकडीतिकडी रेघ काढली होती. आधी निळी, मग तिच्यावरून काळा खडू गिरवलेला.

“हे काय गं?”

“सर, नाला.”

“मग आधी निळा का केलास?”

“पाणी म्हणून निळा केला. मग आठवलं.”

हे पत्र त्या रेघेबद्दल आहे.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द सांगतो, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी मूळचा इथला नाही. वसईच्या पश्चिमेला ज्यांच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत त्यांच्यातला मी नव्हे. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या खाडीजवळ. वडील लालबागला गिरणीत साचे चालवायचे. १९८२चा संप झाला, पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लालबागची खोली विकून जे आलं त्यातून नालासोपाऱ्याला, रुळांच्या पूर्वेला, मिठागरांच्या कडेला बैठ्या चाळीत एक रूम मिळाली. मी तेव्हा दहा वर्षांचा. चाळीत निम्मे कोकणातले, काही घाटावरचे, काही उत्तरेकडचे. सगळे पहाटेच्या गाडीनं मुंबईला जायचे आणि रात्री झोपायला यायचे. मुंबईकर आम्हाला ‘विरारवाले’ म्हणायचे, म्हणजे गाडीवरून आमचं नाव. शहराची ओळख एखाद्या लोकलवरून होणं ही गंमत जगात आणखी कुठं असेल तर मला ऐकायला आवडेल.

चाळीमागं एक ओहोळ होता. सगळे त्याला नाला म्हणायचे. पाऊस परतून गेला, कोजागिरी आली. त्या दिवशी भरदुपारी वडील मागच्या दारी तोंड धुवायला गेले आणि तिथंच उभे राहिले. मला हाक मारली. “बघ,” म्हणाले. मी बघितलं. एक नारळाची करवंटी पाण्यावरून चालली होती, पण उलट्या दिशेनं. ज्या बाजूनं पाणी रोज यायचं त्या बाजूला ती सावकाश परत निघाली होती. आभाळात ढगाचं टिपूस नव्हतं, आणि ओहोळ वीतभर चढला होता.

“नाला नाय ता,” वडील म्हणाले. “खाडी हाय. भरती लागलीय.”

मग त्यांनी मला तिथंच, हातात तांब्या तसाच धरून, कोकणातल्या दर्यावर्दीला पाठ असलेला हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. अमावास्या-पौर्णिमेला साडेअकरा-बाराच्या घरात. पुनव-अवसेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. “हतं दर्या लांब हाय, तवा जरा उशिरा येयाल,” एवढी पुस्ती त्यांनी जोडली. दुसऱ्या दिवसापासून मी वहीत वेळा मांडायला लागलो. भूगोलाचा मास्तर मी पुढं झालो तो त्या करवंटीमुळे असं मला वाटतं. बायकोच्या मते दुसरीकडे कुठं नंबर लागला नाही म्हणून.

महापौर, ज्या माणसाला या शहरात येऊन सहा महिने झाले नव्हते, ज्याला सोपाऱ्याचा इतिहास ठाऊक नव्हता, त्यानं एका दुपारी ओळखलं की आपण खाडीकाठी राहतोय. कारण त्याला पाणी वाचता येत होतं. त्याच काठावर मी शिकवलेल्या हजारभर मुलांना ते वाचता येत नाही. त्यात मुलांचा दोष नाही. त्यांना आम्ही शब्दच चुकीचा दिला.

शब्दाचं मोठं विचित्र आहे. ‘नालासोपारा’ या नावात नाला नाहीच. नाळे हे एक गाव, सोपारा हे दुसरं. दोन गावांच्या मध्ये स्टेशन आलं, तेव्हा दोघांची नावं जोडून त्याला दिली. नाळे आजही पश्चिमेला जागेवर आहे, त्याच्या वाड्यांसकट. पण स्टेशनच्या पाटीवर ‘नाळे’चं ‘नाला’ झालं आणि तिथून ते लोकांच्या डोक्यात गेलं. नावातच नाला आहे म्हटल्यावर गावातलं प्रत्येक वाहतं पाणी नाला ठरलं. नाल्यात माणूस काय टाकतो ते सांगायला नको. नाला अरुंद करता येतो, त्याच्यावर स्लॅब टाकता येते, त्याची दिशा वळवता येते. खाडीशी असं वागताना माणूस निदान एकदा थबकतो. गावातल्या म्हाताऱ्या कोळणींना विचारा, खाडीत नारळ सोडतात. नाल्यात कोण सोडणार?

आणि ही कुठली ऐरीगैरी खाडी नव्हे. आपल्या शहराचा नकाशा जरा हात लांब धरून बघा. उत्तरेला वैतरणेची खाडी. दक्षिणेला उल्हास नदी समुद्राला मिळते ती वसईची खाडी. पश्चिमेला अरबी समुद्र. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर. डोंगर आणि किनाऱ्याची वाळूपट्टी यांच्या मधली जी सखल जमीन आहे, तिच्यातून भरतीचं पाणी खेळवणारी, दोन मोठ्या खाड्यांना जोडू पाहणारी ही चिंचोळी वाट म्हणजे सोपाऱ्याची खाडी. तिच्यामुळे वसईचा पश्चिम भाग मुख्य भूमीपासून तुटलेला होता. ठाणे जिल्ह्याचं १८८२चं गॅझेटियर वसईला बेट म्हणून धरतं. साष्टी बेट होतं, मुंबई बेटांची होती, हे आपण शाळेत घोकतो. वसई बेट होतं हे आपल्या पोरांना कुणी सांगतच नाही. तिसरीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार असतं. आमचं आधी ठाण्याचं होतं, २०१४ला पालघर जिल्हा झाला तेव्हा पालघरचं झालं. पण जिल्हा जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापर्यंत पसरलेला, त्यात या एका खाडीच्या वाट्याला कितीशी जागा येणार?

सोपारा मोठं झालं ते या वाटेमुळेच. उघड्या समुद्रावर गलबत नांगरून ठेवणं धोक्याचं. आत वळून शांत पाण्यात शिरता आलं की बंदर होतं. शूर्पारक नावानं ते महाभारतात येतं, परशुरामासाठी समुद्रानं सोडलेली भूमी म्हणून. बौद्ध कथांमधला व्यापारी पूर्ण हा इथलाच. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दीच्या ‘पेरिप्लस’मध्ये बंदरांच्या यादीत ते ‘सुप्पारा’ म्हणून आहे, टॉलेमीच्या भूगोलात ‘सोपारा’च्या जवळ जाणारं नाव आहे. दोन हजार वर्षांत साम्राज्यं किती आली आणि गेली, नाव जवळपास तसंच राहिलं. बिघडवलं ते आम्ही, स्टेशनच्या पाटीनं.

१८८२च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातली एक टेकडी खणली. गावकरी तिला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणायचे. मला हे नाव फार आवडतं. शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणणारा तो बुरूड. शूर्पारकाचा संस्कृत अर्थ गावाच्या तोंडातून असा राजा होऊन बाहेर पडला होता. कोटाच्या आत निघाला स्तूप. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक: तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, सोन्याचा. सोन्याच्या करंडकात सोन्याची फुलं होतीच, पण जपून ठेवलेली वस्तू होती ती मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते तुकडे, अशी श्रद्धा. भोवती ब्राँझच्या आठ मूर्ती. ही सगळी ठेव मुंबईला एशियाटिक सोसायटीत गेली. त्याच साली भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तोही मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्या लेखाचा तुकडा भुईगावाला १९५६ला मिळाला.

आठव्या लेखात अशोक काय म्हणतो ते मी वर्गात हटकून सांगतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार करत, मजा करत. मी धर्मयात्रा सुरू केली. त्यात साधुसंतांची भेट घ्यायची आणि मुलखातल्या साध्या माणसांना भेटायचं. विहारयात्रा म्हणजे पिकनिक, असं सांगितलं की वर्ग हसतो. ते ठीकच आहे. पण हा मजकूर आपल्याच गावातल्या दगडावर कोरला होता, हे ऐकून मात्र ते गप्प होतात. एकदा उत्तर प्रदेशातून आलेल्या एका मुलानं विचारलं होतं, “सर, तो राजा आमच्याकडचा ना?” पाटलीपुत्र त्याच्या गावापासून फार लांब नाही. म्हटलं, तुमच्याकडचा राजा, आमच्याकडचा दगड. त्या दिवसापासून तो मुलगा स्वतःला सोपारकर म्हणवून घ्यायला लागला. मी मुद्दाम सांगतोय हे. आपल्या शहरात ‘मूळचे’ आणि ‘उपरे’ हा खटका फार जुना आहे, आणि पूर्वेकडच्या चाळींतून राहणाऱ्या लाखो माणसांना वाटतं की इतिहास रुळांच्या पलीकडं, किल्ल्यात आणि चर्चमध्ये असतो. बंदराला बंदरपण येतं ते बाहेरून येणाऱ्यांमुळे. नालासोपारा पूर्वेला आज जितक्या बोली ऐकू येतात, तितक्या शूर्पारकाच्या धक्क्यावरही येत असतील.

वसईच्या किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही, ते आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. १५३४ला गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगिजांना लिहून दिला, त्यात मुंबईची बेटंही होती. आज आपल्याला मुंबईचं उपनगर म्हणतात, तेव्हा हे आठवून जरा मजा वाटते, इतकंच. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, चर्चच्या घंटा देवळादेवळांत गेल्या. नाशकात नारोशंकराच्या देवळावर जी घंटा आहे तिच्यावर १७२१ हे इसवी साल आहे. १८०२च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला तो वसईचाच. आपण विजय साजरा करतो, तह विसरतो. तेही मनुष्यस्वभावाला धरूनच झालं. मला फक्त एवढं म्हणायचं आहे की तो किल्ला घ्यायला इतके हाल का झाले, याचं उत्तर तलवारीत नाही, जमिनीत आहे. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, जवळ जायचं ते उत्तरेकडच्या अरुंद जमिनीवरून. सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला. दरवर्षी किल्ल्यावर भाषणं होतात. त्यांत एकदा कुणी तरी ओहोटीची वेळ सांगावी.

आता पश्चिमेकडचं. माझा एक सहकारी नंदाखालचा, सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी. घरात कादोडी बोलतात. त्याच्या वाडीत पहिल्यांदा गेलो तेव्हा केळीच्या रांगांमधून उतरत एक हिरवं पाणी दिसलं, कडेनं उतार, एका टोकाला जुन्या रहाटाचे दगडी खांब. मी म्हटलं, तळं चांगलं आहे. त्याची आई अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “तळं नाय, बावखल.” फरक काय, विचारलं तर म्हणाली, “तळ्याचं पाणी आपण वापरतो. बावखलाचं पाणी जमीन वापरते.”

ती बाई शाळेत गेली नव्हती. पण भूजलशास्त्राचा एक धडा तिनं दोन वाक्यांत संपवला. समुद्राजवळच्या वाळूच्या जमिनीत खाली खारं पाणी असतं आणि पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून त्याच्यावर तरंगतं. गणित असं की समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर त्याच्या भारानं खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी टिकतं. आणि वरचं एक फूट उपसलंत, तर खालून खारं पाणी त्याच हिशेबानं वर चढतं. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवून जमिनीत मुरवायची जागा; गोड्या पाण्याचा भार टिकवणारं वजन. त्याच्या जोरावर वसईची केळी पिकली, राजेळी वाळवून सुकेळी झाली, फुलं आणि भाजी लोकलच्या डब्यातून दादरला गेली. कार्तिकात निर्मळच्या जत्रेत सुकेळी घेताना आपण नकळत बावखलाचंच पाणी घरी नेत असतो.

शहर वाढलं, टँकर आले, वाड्यांमधून पाणी उपसून इमारतींना विकलं जाऊ लागलं, तशा विहिरी मचूळ व्हायला लागल्या. १९८०च्या दशकाच्या शेवटी हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढं होते. पुढं ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ला गेले. त्या वेळी मी पूर्वेच्या चाळीतला शाळकरी पोरगा. आमच्याकडं बोललं जायचं की पश्चिमवाल्यांना आम्ही नकोत, म्हणून पाणी अडवतात. आम्हीही तहानलेलेच होतो, हंड्यांच्या रांगेत माझी आई उभी असायची. राग खोटा नव्हता. त्या रांगेतल्या बाईला आणि वाडीतल्या बाईला पुरणारं पाणी जमिनीखाली एकच आहे आणि ते मोजकं आहे, हे दोघींना एकत्र बसवून सांगायला कुणी आलं नाही. आज सूर्या प्रकल्पाचं पाणी लांबून येतं म्हणून भांडण जरा शमलंय. बावखलं मात्र भराव टाकून बुजताहेत.

२००९च्या जुलैत चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न गावं मिळून आपली महानगरपालिका झाली. २९ गावांनी ‘आम्हाला वगळा’ म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. त्याचं राजकारण मला करायचं नाही, आणि गावं आत असावीत की बाहेर यावर माझं मत इथं महत्त्वाचंही नाही. पण त्या मागणीतलं मर्म भूगोलाचं होतं असं माझं म्हणणं आहे. बेटावरची वाळूची जमीन, मधली खाजणाची खारी जमीन आणि डोंगरपायथ्याची मुरमाड जमीन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवर बावखल हवं, दुसरीवर पाणी पसरायला मोकळं रान हवं, तिसरीवर ओहोळाची वाट मोकळी हवी. तिघींना एकाच मापाचा अंगरखा शिवला तर कुठं तरी उसवणारच.

उसवलं ते २०१८च्या जुलैत. आपण सगळे ते जगलो आहोत, म्हणून वर्णन लांबवत नाही. रूळ पाण्याखाली, गाड्या बंद, मधेच अडकलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीतून प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, मिठागरांतली कुटुंबं वेढली गेली, वीज गेली. आमच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. माझी ती लहानपणीची भरतीची वही त्यात भिजली, नुसता लगदा हाती लागला. पावसाचे आकडे सगळ्यांनी सांगितले. एक आकडा कुणी सांगितला नाही. पाणी तुंबलं ९ ते ११ जुलैला, आणि अमावास्या होती १३ला. म्हणजे रोज खाडी आदल्या दिवसापेक्षा जास्त चढत होती. तुंगारेश्वरावरून उतरलेलं पाणी पश्चिमेला धावतं, वाटेत हायवे लागतो, मग वस्ती, मग रेल्वेचा भराव. रुळांखालच्या मोऱ्यांतून ते पलीकडं जाणार आणि खाडीत उतरणार. आणि खाडीच समोरून आत येत असेल तर? नाला तुंबला असं आपण म्हणतो. नाला तुंबतो गाळानं. खाडीला समुद्र आडवा येतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पुरानंतर नीरी आणि आयआयटीची समिती नेमली गेली, तिनंही पाणी धरून ठेवणाऱ्या तलावांचा विचार पुढं ठेवला. म्हणजे भरती असेपर्यंत पावसाच्या पाण्याला थांबायला जागा. मिठागरं आणि तिवरांची खाजणं हेच काम फुकटात करत होती.

१८६७च्या एप्रिलात विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली. त्या रेल्वेनं आपल्याला पोट दिलं, मी तिच्याविरुद्ध कसा बोलेन? पण तिनं शहराचा कणाच बदलला. आधी कणा पाण्याचा होता, आडवा-वाकडा. नंतर लोखंडाचा झाला, सरळ. ‘वसई रोड’ या नावातला ‘रोड’ अजून सांगतो की वसई इथं नाही, इथून वसईकडं रस्ता जातो. भाईंदर सोडल्यावर गाडी खाडीवर येते, मध्येच क्षणभर जमीन लागते, पुन्हा पूल. ती मधली जमीन म्हणजे पाणजू बेट. दिवसाला लाखो माणसं त्याच्यावरून जातात. दारातून लटकणाऱ्या कुणाला विचारा, खाली काय आहे? तिथल्या माणसांना बाहेर यायला होडी लागते. आपल्या तालुक्यात दोन बेटं आजही होडीवर चालतात, पाणजू आणि अर्नाळा, आणि आपल्याला आपण किनाऱ्यावरचं शहर वाटत नाही.

म्हणून मागणी. फार मोठी नाही, खर्च तर जवळजवळ नाहीच.

नव्या विकास आराखड्याचं काम आपल्या समोर येईल. त्यात रस्ते, आरक्षणं, रंगीत झोन काढण्याआधी कोऱ्या नकाशावर पहिली रेघ सोपाऱ्याच्या खाडीची काढा. जिथं आज पाणी आहे तिथं अखंड, जिथं बुजलं तिथं तुटक. तिला खाडी म्हणा. मग भरती कुठवर येते ते टिंबांनी दाखवा, बावखलं दाखवा. बाकीचं सगळं त्यानंतर. क्रम बदलला की नकाशा बदलतो, हे मी पंचवीस वर्षं वर्गात बघतोय.

दुसरं, रेल्वेखालच्या आणि रस्त्याखालच्या मोठ्या मोऱ्यांवर पाट्या लावा. ‘सोपारा खाडी’ एवढंच. जमलं तर खाली बारीक अक्षरात, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं. मुंबईत पावसाळ्याआधी मोठ्या उधाणाचे दिवस पेपरात छापून येतात; आपल्याकडं स्टेशनबाहेरच्या फलकांवर वाढदिवसाच्या शुभेच्छा इतक्या असतात की त्यात चार ओळी भरतीच्या सहज मावतील. वाढदिवस कुणाचे असतात ते मी लिहीत नाही.

स्टेशनचं नाव बदला असं मी म्हणत नाही. नावं बदलायची हौस आपल्याकडं फार, आणि ते आपल्या हातातही नाही. आपण फक्त महापालिकेच्या कागदांवर, जिथं या पाण्याला ‘नाला’ लिहिलं जातं तिथं, ‘खाडी’ लिहायला सांगा. सही आपली आहे.

आणि एक विनंती. येत्या अमावास्येला सकाळी साडेअकराला पूर्वेच्या बाजूला या. गाड्या, पुष्पगुच्छ नकोत. मी आणि माझा पाचवीचा वर्ग तिथं असणार. मुलं वेळ लिहायला वह्या घेऊन येतात. पंधरा पाऊण सव्वाअकरा, त्यात समुद्रापासूनच्या अंतराचे थोडे वाढवायचे. ती काळा खडू गिरवणारी मुलगी यंदा सहावीत गेली, पण येते म्हणाली आहे. करवंटी मी आणतो. चपला जुन्या घालून या, काठाला चिखल असतो.

आपला,
एक भूगोलशिक्षक
नालासोपारा (पूर्व)